वायसरखालचा शेंदूर

मी तोंडाचा फटकळ माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. झिंगाबाई टाकळीत, कोराडी रोडपासून उलीसं आत, माझं गॅरेज आहे. एकतीस वर्षं झाली. रुपराव मिस्त्री कुठे बसते म्हटलं तं कोणीही बोट दाखवते. या एकतीस वर्षांत मी कितीक मेकॅनिकचे कान उपटले असतील, अन् बहुतेक एकाच गोष्टीसाठी. बोल्टाच्या डोक्याले सहा कोन असतात. बरोबर मापाचा पाना लावला तं सहाच्या सहा शाबूत राहतात. ढिला पाना लावून जोर केला का कोन घासतात, डोकं लाडवासारखं गोल होते, अन् मग तो बोल्ट ना पुढे जाते ना मागे येते. "ज्यानं बोल्ट गोल केला त्यानं चहाची टपरी टाकावी," असं मी म्हणायचो. बम म्हणायचो, उठता-बसता.

दीक्षालेही मी हेच शिकवलं. आयटीआय करून ती माझ्याकडे आली अन् सहा वर्षं माझ्या गॅरेजात राहिली. हात असा हलका का इंजिनले कळू नये कोणी उघडलं. आता तिशीची झाली. चार दुकानं सोडून तिनं स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा रिबीन मीच कापली होती अन् पेढाही मीच पहिला खाल्ला होता. मग हळूहळू माझी गिऱ्हाइकं तिच्याकडे जायले लागली, अन् तो पेढा मले कडू लागायले लागला. खरं ते सांगून राहिलो.

त्या गिऱ्हाइकांत शोभाताई होती. ती शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते. नवरा गेल्यावर त्याची गाडी विकली नाही, स्वतः शिकली अन् दुसऱ्या महिन्यात पोरं भरून शाळेच्या दारात उभी. आमच्या भागात अशा बारा व्हॅन आहेत, अन् बाराही ड्रायव्हर तिचं ऐकतात. त्यांनी ठरवलं होतं का नवीन वर्षापासून सगळ्या गाड्या एकाच मिस्त्रीकडे द्यायच्या. पोट्टे बसतात गाडीत, दहा हातांनी कामं नकोत. शोभाताईनं दीक्षाचं नाव पुढे केलं. बारा गाड्या म्हणजे वर्षभराचं बांधलेलं काम. दीक्षाले त्या भरवशावर गाडीखाली उतरायचा पिट खोदायचा होता, वेल्डिंगची मशीन घ्यायची होती. हे तिनंच मले येऊन सांगितलं, मोठ्या हौसेनं. मी वा वा म्हटलं अन् घरी येऊन जेवलो नाही.

आता खंडेनवमीचं सांगतो. जे काही शेण खाल्लं ते तिथूनच आहे.

आमच्याकडे त्या दिवशी हत्याराची पूजा होते अन् हत्यार कोणी उचलत नाही. लोक कुंकू लावतात. कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून आमची माय गावी, पारशिवनीले, नांगराच्या फाळाले शेंदूर लावायची, एरंडीच्या तेलात कालवून. तीच रीत मी गॅरेजात आणली. एकेका पान्याच्या तोंडावर शेंदराचा टिका. दुसऱ्या कोणाच्या गॅरेजात तुम्हाले हे दिसणार नाही. तो शेंदूर एवढा चिवट का रॉकेलनं घासला तरी चार-चार महिने निघत नाही. दीक्षा होती तेव्हा आदल्या दिवशी सगळे पाने पुसून, मापाप्रमाणे लावून द्यायची. पूजेत बसायची नाही. तिच्या घरी ते नाही. दसऱ्याले ती घरच्यांसोबत दीक्षाभूमीवर जाते. मी कधी काही म्हटलं नाही, अन् तिनंही नाही. फक्त दसऱ्यानंतर रॉकेलचं डबडं घेऊन बसली का कुरकुर करायची, "काकाजी, तुमचा शेंदूर म्हणजे निघता निघत नाही."

या वर्षीच्या नवमीले माझ्या बायकोनं, मनकर्णानं, पूजा मांडली. सगळे पाने एका गठ्ठ्यात लाल दोऱ्यानं बांधले, टिके लावले, वर झेंडूचा हार टाकला. मी हात जोडून उठतच होतो तं दारात शोभाताईची व्हॅन. तिच्या वाटेत दीक्षाच्या आधी माझं दार लागते. आत वस्तीतल्या बाया अन् त्यांचे पोट्टे, कोराडीच्या देवीले चाललेले.

"भाऊ, खाली तेलाचा थेंब पडून राहिला. कोराडीपर्यंत जाईन ना मी?"

"आज हत्यार उचलत नाही शोभाताई. तुम्हाले ठाऊक आहे."

"हो जी, विसरलीच मी. मग दीक्षाकडे नेते. तिचं उघडं असते आज."

एवढंच म्हटलं तिनं. त्यात टोमणा नव्हता, काही नव्हतं. पण मले असं वाटलं का कोणी भरल्या घरात माझं ताट उचलून दुसऱ्यासमोर ठेवलं.

"थांबा," मी म्हटलं. "हातानं पाहून तं घेतो. गाडी पिटावर घ्या, अन् सगळ्यांले घेऊन आत जा. मनकर्णा प्रसाद देऊन राहिली."

सगळे आत गेले. मी पिटात उतरलो. इंजिनचं तेल ज्या बोल्टातून काढतात, तिथून थेंब येत होता. बोल्टाखालचं वायसर, तांब्याची चपटी चकती, दबलं होतं. होते असं, त्यात कोणाची चूक नसते. बोल्ट एक आटा ढिला करायचा, वायसर फिरवून बसवायचं अन् परत आवळायचा. दोन मिनिटांचं काम. पण बोल्ट होता सतराचा, अन् सतराचा पाना होता गठ्ठ्याच्या मधात. दोरा सोडला असता तं मनकर्णाले कळलं असतं. कडेचा एक पाना तेवढा दोरा न सोडता सरकून हातात आला. तो होता एकोणीसचा.

एकोणीसचा पाना सतराच्या बोल्टाले. दुसऱ्या कोणी केलं असतं तं मी त्याची सात पिढ्यांची खबर घेतली असती. मी फट भरायले आरीच्या ब्लेडचा तुकडा मधात घातला अन् बोल्ट ढिला केला. पान्यावरचा टिका ओला होता, शेंदूर बोटाले लागला, त्याच बोटानं वायसर बसवलं. मग आवळायले लागलो. तेवढ्यात वरून बायांच्या बोलण्याचा आवाज आला. घाईत शेवटचा झटका सगळ्या अंगाचा जोर लावून दिला, अन् पाना कटकन फिरला. थेंब थांबला. पण डोक्यावरून बोट फिरवलं तं कोन नव्हते. गोल.

पाना सदऱ्याले पुसला अन् गठ्ठ्यात परत सरकवला. शोभाताई प्रसादाचा द्रोण घेऊन आली.

"काय होतं भाऊ?"

"काही नाही. थेंब होता, पुसला. जा बिनधास्त."

"हत्यार तं नाही ना उचलावं लागलं?"

"छ्या. आजच्या दिवशी?"

ती हात जोडून गेली. मनात होतं, आठ दिवसांनी काही निमित्तानं गाडी बोलावतो अन् गुपचूप बोल्ट बदलून देतो. आठाचे पंधरा झाले. दिवाळी गेली. एकदा रस्त्यात ती व्हॅन दिसली, मागच्या काचेतून पोट्टे हात हलवून राहिले होते. मीही हात हलवला. पण बोलावलं नाही. बोलावलं असतं तं काहून बोलावलं ते सांगावं लागलं असतं.

डिसेंबरात तेल बदलायची वेळ आली अन् शोभाताईनं गाडी दीक्षाकडे नेली. दीक्षानं बोल्ट पाहिला, गोटी, म्हणजे डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना, लावून पाहिली, अन् जोर न करता बाहेर आली. म्हणाली, ताई, हा गोल झालेला आहे, याच्यावर नट वेल्ड करून काढावा लागते, मशीन अन् पिट काकाजीकडे आहे. म्हणजे तिनंच त्यांले माझ्या दारात आणलं.

सकाळचे दहा वाजले होते. पोरांले शाळेत सोडून आणखी पाच व्हॅनवाले मागे आले होते, कारण बातमी पसरली होती. त्यांच्यात अमोल होता, सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. दीक्षा आपल्या स्कूटरजवळ उभी होती.

शोभाताई म्हणाली, "भाऊ, तुम्ही जुने आहात, तुम्हीच पाहून सांगा. ऑगस्टमध्ये तेल दीक्षानंच बदललं. ती म्हणते मी बोल्ट असा लावला नव्हता. मग झाला कसा? बारा गाड्यांचा प्रश्न आहे. जे असेल ते खरं सांगा."

मी पिटात उतरलो. बॅटरीचा उजेड टाकला. पाहायची काय गरज होती? एका कोनावर आरीच्या ब्लेडचे दात उमटलेले होते. माझंच काम मी पाहून राहिलो होतो. तेव्हाच वर येऊन सांगितलं असतं तं उलीशी लाज गेली असती, एवढंच. मी वर आलो अन् हात पुसत पुसत विचारलं, "ऑगस्टनंतर दुसऱ्या कोणी हात लावला का याले?"

"नाही," शोभाताई म्हणाली. "नवमीले तुम्ही पाहिलं, पण तुम्ही तं हत्यार उचललं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"मग?"

"मग सांगायले काय लागते? ज्या हातानं लावला त्याच हातानं गोल झाला."

दीक्षा पुढे आली. आवाज चढवला नाही तिनं. "काकाजी, नीट पाहा ना. मी सतराची गोटी लावते. गोटी सहाही बाजूंनी धरते, तिनं असे कोन जात नाहीत. तुम्हीच शिकवलं मले."

ती खरं बोलून राहिली होती, अन् सगळ्यांसमोर बोलून राहिली होती, अन् ते मीच शिकवलेलं होतं. माझं डोकं सटकलं. खोटं बोलणाऱ्या माणसाले राग लवकर येते, हे मले आता कळते. मी म्हटलं, "जे लोक हत्याराले देव मानत नाहीत, त्यांच्या हातून असंच होते."

 शोभाताईनं जमिनीकडे पाहिलं. अमोलनं बरोबर आहे अशी मान हलवली. दीक्षा माझ्याकडे पाहत राहिली. सहा वर्षं माझ्या घरचं जेवलेली पोरगी, मनकर्णाच्या दुखण्यात दवाखान्यात बसलेली.  शब्द परत घ्यायचे होते, पण सहा माणसं उभी होती.

"बोल्ट तं काढायचा आहे ना?" दीक्षा म्हणाली.

मी पिटात गेलो. आधी पाईप पाना लावला, तो घसरला अन् माझी बोटं सोलून निघाली. मग छिन्नी लावून हातोडी मारली, बोल्टानं दाद दिली नाही. मग मशीन लावून एक नट त्या गोल डोक्यावर वेल्ड केला. घाईत वेल्डिंग वरच्यावर चिकटलं. पाना लावून ओढला तं नट तुटून खाली पडला. वरून अमोलनं विचारलं, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

"काकाजी, मी उतरू का?" दीक्षानं विचारलं.

ती उतरली. आधी वर तोंड करून म्हणाली, "ताई, बॅटरीची वायर काढा, निगेटिव्ह. ती लागूनच आहे अजून." ते मी विसरलो होतो. तेलाच्या भांड्याजवळ वेल्डिंग करताना बॅटरी लागलेली ठेवली होती मी. मग तिनं पोतं ओलं करून आजूबाजूले लावलं, बोल्टाचं डोकं ब्रशनं घासून चमकवलं, नवा नट बसवला अन् नटाच्या भोकातून आत, डोक्याच्या मधोमध वेल्डिंग धरलं. झालं तं हात लावला नाही. गार होऊ दिलं. मी बाजूले उभा, सोललेली बोटं तोंडात धरून. पाच मिनिटांनी रिंग पाना लावला, आधी उलीसा पुढे, मग मागे, पुन्हा पुढे, मागे. जोर असा नव्हताच. बोल्ट सुटला.

तेल डब्यात गेलं. तिनं बोल्ट फडक्यात घेतला, अंगठ्यानं वायसर सरकवलं अन् थांबली.

वायसरखाली नारंगी गोल होता. दोन महिने तेलात राहून जसाच्या तसा. तिनं फडकं रॉकेलमध्ये बुडवून एकदा घासलं. निघाला नाही. मग तिनं बोल्ट उजेडात फिरवला, ब्लेडचे दात पाहिले, अन् माझ्याकडे पाहिलं. पिटात आम्ही दोघंच होतो. मी तिच्या ओठांकडे पाहून राहिलो होतो. आता बोलते, आता बोलते.

"निघाला का वं?" वरून शोभाताईनं विचारलं.

"निघाला ताई," दीक्षा म्हणाली. बोल्ट तिनं माझ्या हातात दिला. हळूच म्हणाली, "हा तुमच्याकडे ठेवा, काकाजी." मग आपल्या डब्यातला नवा बोल्ट, नवं वायसर लावलं, तेल भरलं, बॅटरी जोडली, हात धुतले अन् स्कूटरवर बसून गेली.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर शोभाताई म्हणाली, "काढला तिनंच, पण बिघडवलाही तिनंच. वाईट वाटते पोरीचं. पण पोट्ट्यांच्या गाड्या आहेत भाऊ, बाराही तुमच्याकडेच आणतो."

अन् मी "बरं" म्हटलं. ऐकलं ना? बरं म्हटलं मी.

दोन दिवस तो बोल्ट सदऱ्याच्या खिशात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं सदरा धुवायले घेतला अन् बोल्ट हातात घेऊन बाहेर आली.

"अवो, याले आपला शेंदूर कसा लागला? बोल्टाले तं मी टिके लावले नव्हते."

एकतीस वर्षं गिऱ्हाइकांले बनवता येते, बायकोले नाही. मी सगळं सांगितलं. ती दाराच्या चौकटीले टेकून ऐकत राहिली. मले वाटलं पूजेतला पाना काढला म्हणून चिडेल.

"पाना काढला त्याचं देवाले काही नाही," ती म्हणाली. "अडल्या गाडीले लावला, माफ करेल तो. पण तुम्ही आपलं झाकून ठेवलं अन् त्या पोरीचं वाकून पाहिलं. अन् वरून तिले असं बोलले? माझ्या उशाशी बसून रात्री काढल्या तिनं. मी तिले काय तोंड दाखवू?" तिनं बोल्ट माझ्यासमोर ओट्यावर ठेवला अन् आत गेली. चहा दिला नाही.

मी दीक्षाच्या गॅरेजात गेलो. जाताना मनात एक गोष्ट पक्की धरली होती, का या पोरीनं माझी इज्जत वाचवली. माझं मीठ खाल्लं त्याले ती जागली. त्या विचारानं मले रडूही आलं होतं अन् उलीसं बरंही वाटलं होतं. ती एका स्कूटरचं चाक खोलून बसली होती.

"दीक्षा," मी म्हटलं, "तू त्या दिवशी बोलली नाही. माझी लाज राखली तू. तुझे उपकार..."

"तुमची लाज राखायले मी गप्प बसली, असं वाटलं तुम्हाले?"

"मग?"

तिनं पाना खाली ठेवला. "काकाजी, मी वर येऊन म्हटलं असतं, हा यांचा शेंदूर आहे, यांनीच बोल्ट गोल केला. तुम्ही म्हटलं असतं, नाही. वर सहा माणसं होती. कोणाचं ऐकलं असतं त्यांनी?"

मी त्या खोललेल्या चाकाकडे पाहिलं.

"वरून म्हटलं असतं, स्वतः बिघडवलं अन् म्हाताऱ्या गुरूचं नाव घेते. तुम्ही ते हत्याराचं बोलले तेव्हा एक तरी माणूस म्हटला का, रुपरावभाऊ, असं नका बोलू? मी पाहत होती सगळ्यांकडे. कोणीच नाही. तेव्हाच समजली मी, इथं तोंड उघडून फायदा नाही."

मी तिथं बरं वाटायले गेलो होतो. स्टुलावर बसायची हिंमत झाली नाही. "सगळ्यांले सांगतो मी," एवढंच म्हटलं.

"सांगा नाहीतर नका सांगू," ती म्हणाली अन् चाकाकडे वळली. "मले काम आहे."

दुपारी शाळा सुटायच्या आधी सगळ्या व्हॅन शाळेबाहेर कडुनिंबाखाली लागतात. मी बोल्ट घेतला, एकोणीसचा पाना घेतला अन् तिथं गेलो. सगळ्यांले जवळ बोलावलं अन् सांगितलं का बोल्ट दीक्षानं नाही, मी गोल केला.

अमोल हसला. "जाऊ द्या ना भाऊ. पोरीचं काम गेलं म्हणून तुम्ही आपल्या अंगावर घेऊन राहिले. मन मोठं आहे तुमचं." बाकीच्यांनीही माना हलवल्या. एकानं तं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पाहा म्हणजे. मी खोटं बोललो ते त्यांनी डोळे मिटून मानलं, अन् खरं बोललो तं माझं मन मोठं. दीक्षानं सकाळी सांगितलं ते माझ्या डोळ्यांसमोर होऊन राहिलं होतं. मी त्याचा हात झटकला. "अबे, मन मोठं नाही माझं, हलकट आहे," म्हटलं अन् पाना बोल्टाशेजारी धरला. पान्यावरचा शेंदूर अन् वायसरखालचा शेंदूर. ब्लेडचे दात. नवमीले प्रसाद कोणी खाल्ला, तेव्हा मी कुठे होतो, सगळं सांगितलं.

शोभाताईनं बोल्ट हातात घेतला. वायसर सरकवून शेंदरावर नख घासून पाहिलं.

"माझ्या गाडीत पोट्टे होते त्या दिवशी," ती म्हणाली. "अन् तुम्ही म्हटलं, जा बिनधास्त."

"हो."

"दोन महिने सांगितलं नाही."

"नाही."

"मी सगळ्यांसमोर विचारलं, हत्यार उचललं नव्हतं ना. तं तुम्ही नव्हतं म्हटलं."

"खोटं बोललो."

शाळेची घंटा झाली. पोरं बाहेर यायले लागली. शोभाताईनं बोल्ट मले परत दिला. "चार वाजता दीक्षाकडे या," ती म्हणाली. "तिले आमच्यादेखत बोलले होते ना? आता आमच्यादेखतच सांगा."

चार वाजता मी गेलो. बाराच्या बारा ड्रायव्हर आले होते. शेजारचा टेलर दारात येऊन उभा राहिला, चहावालाही. दीक्षा एका स्कूटरचं इंजिन सुरू करून कान देऊन ऐकत होती, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत. तिनं आमच्याकडे पाहिलं, पण इंजिन बंद केलं नाही.

मी बोलायले लागलो. नवमीचं सांगितलं, पाना सरकवून काढल्याचं, ब्लेडच्या तुकड्याचं, बोल्ट गोल झाल्याचं, खोटं बोलल्याचं. इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून सांगावं लागलं. एक वाक्य मात्र मी खाल्लं. तिथं आलो अन् "अन् बाकीही नको ते बोललो" असं म्हणून पुढे सरकलो. मले वाटलं, आवाजात चालून जाईल.

दीक्षानं इंजिन बंद केलं. उठली, फडक्यानं हात पुसले.

"एक ऐकू नाही आलं, काकाजी," ती म्हणाली. "नको ते म्हणजे काय, ते पुन्हा सांगा."

कोणतं, असं मी विचारलं नाही. टोपी काढली अन् ते वाक्य जसं त्या दिवशी म्हटलं होतं तसंच्या तसं, सगळ्यांसमोर पुन्हा म्हटलं. शांततेत ते त्या दिवसापेक्षाही घाण ऐकू आलं. मग म्हटलं का असं बोलणारा माणूस स्वतः देवासमोरून पाना चोरून आला होता. चूक हातानं केली ती एक, पण हे तोंडानं केलं, अन् जाणून केलं. दीक्षा, मले याची लाज वाटते. अमोल आता खाली पाहत होता. त्या दिवशी मान हलवली होती त्यानं.

शोभाताई पुढे झाली अन् व्हॅनची चावी दीक्षाच्या टेबलावर ठेवली. "सोमवारी पहिली माझी गाडी घेशील," ती म्हणाली. "अन् मीही त्या दिवशी गप्प राहिली वं. ते मले दिसून राहिलं आता."

दीक्षानं चावी उचलून खिळ्याले अडकवली. "सोमवारी नऊ वाजता आणा ताई," एवढंच म्हणाली. मग खाली बसली, किक मारली, स्कूटर पुन्हा सुरू केली अन् कान देऊन ऐकायले लागली. मी टोपी हातात धरून उभा होतो. मले कोणी बस म्हटलं नाही, अन् जा म्हणूनही नाही.